झोळीतलं बाळंतपण आणि आपला लढा



गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका पाड्यावरच्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या. गाडी पाड्यापर्यंत येत नाही. चौघांनी बांबूला झोळी बांधली, नाला ओलांडला. डांबरी रस्ता लागला तेव्हा उजाडलं होतं. दवाखान्यात डॉक्टर नव्हते. तिथून पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. बाई वाचली, बाळ गेलं. कागदावर काय लिहिलं ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

ही आमची चूक. ती आधी कबूल करतो. गार्डानं एक बैल अडवला तर आपण शंभर जण तहसीलवर जातो. बाळ गेलं तर "देवाची मर्जी" म्हणून गप बसतो. दाव्यांच्या फायली संघटनेनं जपून ठेवल्यात, पण किती बाया, किती बाळं गेली याची साधी वही नाही.

काही जण म्हणतात, हा बायकांचा विषय, जमिनीच्या लढ्यात कशाला? तर ऐका. रस्ता का नाही विचारलं की उत्तर मिळतं, "जंगल आहे, परवानगी नाही." पण 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) काय सांगतं? शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. झाडं हेक्टरी 75 च्या वर तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे ज्या कायद्यानं आपण पट्टा मागतो, त्याच कायद्यात दवाखान्याची वाटही आहे. ठराव आपणच केला नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं फुकट. घरून नेणं, पुढच्या दवाखान्यात नेणं, परत घरी सोडणं, तेही फुकट. कुणी डिझेलचे पैसे मागितले तर पावती मागा, तारीख लिहून ठेवा, संघटनेला कळवा.

तिसरी गोष्ट जाब विचारण्याची. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर 42 दिवसांत आई गेली, तर चौकशी करायचा नियम सरकारचाच आहे. उशीर कुठे झाला? घरात ठरवायला, वाटेत, की दवाखान्यात? हे घरच्यांना विचारून लिहायचं असतं. आपण मागितलं नाही तर ते कागदावरच राहतं.

पण भांडण नर्सबाईशी करू नका. ती एकटी कितीतरी पाडे सांभाळते. भांडण आहे ते डॉक्टरची जागा रिकामी ठेवणाऱ्यांशी.

आणि थोडं घरातही बघू. रक्त जातंय, झटके येतायत, डोकं फार दुखतंय, तरी नवरा आणि सासरा ठरवत बसतात. तिथं वेळ घालवू नका, लगेच हलवा. बाळ जन्मलं की कोरडं पुसा, गुंडाळा, आईच्या अंगाशी ठेवा, तासाभरात पाजा. त्या दिवशी आंघोळ नको. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडत असेल, तर थांबू नका. आपल्या दायांना कमी समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, तर नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले.

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यानं एवढं करावं:

1. आई आणि बाळाच्या प्रत्येक मृत्यूची वही ठेवायची. ती बायांच्या हातात राहील.
2. रस्ता आणि उपकेंद्रासाठी कलम 3(2) चा ठराव करून पोच घ्यायची.
3. नववा महिना लागलेल्या प्रत्येक बाईसाठी झोळीवाले चौघे आणि गाडीचा नंबर आधीच ठरवायचा.
4. मृत्यू झाला तर चौकशीची लेखी मागणी करायची.

कायद्यानं पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात. ते नाव लागायला बाई जिवंत पाहिजे, आणि ती जमीन कसायला तिचं बाळ मोठं झालं पाहिजे.

जिंदाबाद!