कोडं कोणी सोडवलं?

मागच्या महिन्यात माझं नाव छापून आलं. फार मोठ्या ठिकाणी नव्हे. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या अचूक उत्तरांच्या यादीत, पुढे कंसात ‘बीड’. बक्षीस रुपये एकशे एक. पण आमच्या गावात साध्या माणसाचं नाव छापून येतं ते एकदाच आणि ते वाचायला तो स्वतः नसतो. तेव्हा जिवंतपणी छापला गेलेला माणूस म्हणून बसस्टँडसमोरच्या हॉटेलात माझा सत्कार झाला. चहाचे पैसे मीच दिले.

सत्काराचं भाषण आमच्या प्राध्यापक मित्रानं केलं. हे गृहस्थ इतिहास शिकवतात आणि सिनेमे पाहतात. त्यामुळे त्यांच्या इतिहासात मध्यंतर असतं. कप वर धरून ते म्हणाले, “मंडळी, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचं गुपित ॲलन ट्युरिंगनं एकट्यानं फोडलं. हे आमचे बीडचे ट्युरिंग!”

टाळ्या पडल्या. मी मात्र ‘एकट्यानं’ या शब्दावर अडखळलो. त्याला एक खाजगी कारण होतं, ते पुढे येईलच. तूर्त मी सत्कारमूर्तीचं भान सोडून भांडायला उठलो.

“प्राध्यापक, एकट्यानं कसं? 1932 साली ट्युरिंग कॉलेजात पोरगा होता!”

“मग?”

मग काय! एनिग्मा म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र. ‘क’ दाबला की आतली चाकं फिरून ‘प’चा दिवा लागायचा, पुन्हा ‘क’ दाबला तर ‘ठ’चा. चाकांची मांडणी बदलत राहायची. अशा यंत्राची आतली तारजोडणी 1932 च्या डिसेंबरात पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीनं गणितानं शोधून काढली. वय वर्षं 27. जर्मनांचं लष्करी यंत्र त्यानं उघडून पाहिलेलं नव्हतं. एका फितूर जर्मनानं फ्रेंचांना विकलेले थोडे कागद हाताशी होते, बाकी बीजगणित. सोबतीला येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे आणखी दोघे. काही वर्षं हे तिघं जर्मनांची टपाल वाचत होते. 1939 च्या जुलैत वॉर्साजवळच्या जंगलात इंग्रज आणि फ्रेंचांना बोलावून पोलंडनं सगळी विद्या देऊन टाकली. पाचच आठवड्यांनी युद्ध पेटलं आणि पोलंड बुडालं.

आता त्या तिघांचं काय झालं? रुझित्स्की 1942 मध्ये जहाज बुडून गेला. झिगाल्स्की इंग्लंडात गणित शिकवत राहिला. आणि रेयेव्स्की 1946 साली मायदेशी परतून हिशेबनीस झाला! ज्यानं हिटलरची चाकं मोजली तो कारखान्यात आवक-जावक मांडत बसला, आणि कित्येक वर्षं कोणाला चकार शब्द बोलला नाही. आमच्याकडे पंचायतीचा एक नळ बसवला तरी त्यावर पाटी येते, पाणी मागाहून.

“म्हणजे ट्युरिंग थोर नव्हता म्हणता?” प्राध्यापक तांबडे झाले.

नाही हो! ट्युरिंगशी माझं भांडण असायचं कारण काय? त्यानं 1940 साली नव्या पद्धतीचं यंत्र उभं केलं, त्यात गॉर्डन वेल्चमननं मोलाची सुधारणा केली, आणि रोज बदलणाऱ्या चाव्या भराभर सापडू लागल्या. त्याच्याच सरकारनं 1952 मध्ये त्याच्या खाजगी आयुष्यावरून त्याच्यावर खटला भरला, 1954 मध्ये तो गेला, आणि माफी आली 2013 मध्ये. हे सगळं गुपित 1974 नंतर उघड व्हायला लागलं, तेव्हा ‘मी एकटा नव्हतो’ हे सांगायलासुद्धा बिचारा हयात नव्हता. माझं भांडण आहे ते एका गळ्यात सगळे हार घालणाऱ्यांशी. हार जड होतो, आणि बाकीचे गळे मोकळे राहतात.

एवढ्यात टेबल पुसणारा पोरगा फडकं थांबवून म्हणाला, “मास्तर, कामून भांडायलात? आमच्यासारखा कोणी होता का त्यात?”

होता. टॉमी ब्राउन. ब्रिटिश युद्धनौकेवरच्या कँटीनमधला पोऱ्या, वय सोळा, तेही खोटं वय सांगून भरती झालेला. 30 ऑक्टोबर 1942 च्या रात्री भूमध्य समुद्रात यू-559 ही जर्मन पाणबुडी बुडत होती. फॅसन आणि ग्रेझिअर हे दोन नौसैनिक आत उतरले आणि सांकेतिक पुस्तकं वर देऊ लागले. ती घ्यायला शिडीवर टॉमी. पाणबुडी एकदम खाली गेली. दोघे आतच राहिले, टॉमी वाचला. त्या पुस्तकांमुळे दहा महिने बंद पडलेलं पाणबुड्यांच्या संदेशांचं वाचन त्याच डिसेंबरात पुन्हा सुरू झालं.

“मंग त्या पोराचं?” 

1945 साली घराला आग लागली, बहिणीला वाचवायला गेला आणि त्यातच गेला. पोरगा काही बोलला नाही. माझ्यासमोरचं टेबल मात्र त्यानं दुसऱ्यांदा पुसलं.

टपालखात्यातून निवृत्त झालेले आमचे एक अण्णा कोपऱ्यात बसतात. त्यांनाही मी सोडलं नाही. म्हटलं, अण्णा, तुमच्या खात्याचा माणूसही होता. टॉमी फ्लॉवर्स, ब्रिटिश पोस्टातला इंजिनिअर. जर्मन सेनापतींचं लोरेन्झ नावाचं वेगळंच यंत्र होतं. ते न पाहताच त्याची घडण बिल टटनं ओळखली आणि फ्लॉवर्सनं दीड हजारांवर व्हॉल्व्ह लावून बांधलेला कोलोसस 1944 मध्ये कामाला लागला. आजच्या संगणकाचा पूर्वजच. युद्धानंतर तसलंच यंत्र बांधायला कर्ज मागितलं तर बँक म्हणाली, असलं यंत्र चालणारच नाही! चालवून दाखवलंय हे सांगायची त्याला बंदी. अण्णा म्हणाले, “खातं तेच, वागणूक तीच.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांचा चहा सांगितला.

प्राध्यापकांनी शेवटचं अस्त्र काढलं. “सगळ्यांची नावं घ्यायची तर परीक्षेत प्रश्न कसा काढायचा? इतिहासाला एक नाव लागतं.”

इतिहासाला नाही, पेपर तपासणाऱ्याला लागतं! लांब कशाला, आपल्या गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन घ्या. 10 ऑगस्ट 1763. निजाम गोदावरीपलीकडे, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर. मराठ्यांनी नेमकी गाठ घातली आणि विठ्ठल सुंदर पडला. पाठ्यपुस्तकात माधवराव आहेत, राघोबादादा आहेत. पण फौज दोन काठांवर फाटली आहे ही बातमी काही पेशव्यांना स्वप्नात दिसली नसणार! ऐन श्रावणात कोणी जासूद चिखल तुडवत पळाला असेल. सांगा त्याचं नाव. दिल्लीत आनंद पर्बतावर महायुद्धात जपानी संदेश उकलायचं मोठं केंद्र होतं. कानाला यंत्र लावून तिथे रात्री काढणाऱ्या एकाचं तरी नाव सांगा.

प्राध्यापक गप्प झाले. मी जिंकून, छाती काढून घरी आलो आणि सगळा वृत्तांत सौभाग्यवतींना ऐकवला. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “त्यात बायका नव्हत्या का हो?”

होत्या तर! ब्लेचली पार्कात चारांत तीन बायकाच. जोन क्लार्क ही ट्युरिंगच्या बरोबरीनं गणित करायची; पण बाईला त्या हुद्द्याचा पगार द्यायची सोय कागदावर नव्हती, म्हणून तिला ‘भाषातज्ज्ञ’ दाखवली. फॉर्म भरताना ती मजेनं लिहायची, हुद्दा: भाषातज्ज्ञ, येत असलेल्या भाषा: एकही नाही. आणि 1942 च्या जानेवारीत लंडनच्या डेली टेलिग्राफनं शब्दकोडं बारा मिनिटांत सोडवायची स्पर्धा घेतली, तेव्हा त्यातल्या काहींना मागाहून लष्कराचं पत्र आलं.

“बारा मिनिटं?” तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या. “आपल्या कोड्याला मला दहा लागली होती. तुमची अडतीस मिनिटं गेली ती कूपन कापण्यात.”

वाचकहो, हेच ते खाजगी कारण. एकशे एक रुपयांच्या त्या कोड्यात माझा शब्द एकच होता, आडवा सातवा, आणि तो चुकला होता; तिनं खोडून दुरुस्त केला. नावाच्या रकान्यात मात्र अक्षर माझं. तिघा पोलंडवाल्यांसाठी मी हॉटेलात घसा कोरडा केला. घरातल्या रेयेव्स्कीला मी स्वतः हिशेबनीस करून ठेवलं होतं.

या रविवारचं कूपन तिच्या नावानं गेलं आहे. ‘बीड’ असं कंसात मी लिहिलं.