गाव पडद्यावर, घरं कुलपात

एखाद्या गावात मालिकेचं चित्रीकरण झालं की त्या गावाचं भलं झालं, असं आपण सहज धरून चालतो. पर्यटक येतात, खाणावळी चालतात, पोरांच्या हाताला काम मिळतं. यात खोटं काही नाही. पण गावात पैसा येणं आणि गावात माणसं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. इंग्लंडमधलं पोर्ट आयझॅक पाहिल्यावर हा फरक मला नीट कळला.

कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे मच्छीमारांचं छोटं गाव. आयटीव्ही वाहिनीवर २००४ ते २०२२ या काळात ‘डॉक मार्टिन’ ही मालिका दहा पर्वं चालली. तिच्यातलं ‘पोर्टवेन’ हे काल्पनिक गाव म्हणजेच पोर्ट आयझॅक. लंडनमधल्या एका नावाजलेल्या सर्जनला अचानक रक्ताची भीती वाटू लागते आणि तो या गावात साधा डॉक्टर म्हणून येतो, अशी ही गोष्ट. मार्टिन क्लून्स यांनी रंगवलेला हा तुसडा डॉक्टर इतका गाजला की इतर देशांनीही आपापल्या भाषेत ही मालिका काढली. स्पेनने त्यासाठी निवडलेलं लास्त्रेस हेही मासेमारीचंच गाव.

कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्ये असताना नोव्हेंबरातल्या एका सुट्टीला मी पोर्ट आयझॅकला गेलो. गाडी वर टेकडीवर ठेवून पायी खाली उतरावं लागतं, कारण जुन्या गावातले रस्ते गाड्यांसाठी बांधलेलेच नाहीत. एक बोळ तर इतका अरुंद की लोकांनी त्याला ‘स्क्वीझी बेली ॲली’ म्हणजे पोट आवळून जायचा बोळ असं नाव दिलंय. ओहोटी लागली होती. होड्या वाळूवर कलंडल्या होत्या आणि खेकडे धरायचे पिंजरे एकावर एक रचून ठेवले होते.

डॉक्टरांच्या घरासमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. ते घर खाजगी आहे आणि पर्यटकांना भाड्यानं दिलं जातं. मालिकेत जी शाळा दिसते, त्या इमारतीत हॉटेल चालतं. एके काळी ती खरोखरच गावची शाळा होती. आज मुलं शिकतात ती शाळा वरच्या नव्या वस्तीत आहे. पडद्यावर जिथे डॉक्टर, मास्तरीण, हवालदार आणि कोळी शेजारी शेजारी राहतात, त्या जुन्या गावातल्या दारादाराशेजारी मला आकडे दाबून उघडायच्या छोट्या पेट्या दिसल्या. भाडेकरू पाहुण्यांसाठी किल्ली ठेवायची ही सोय. अंधार पडल्यावर बऱ्याच खिडक्या तशाच काळ्या राहिल्या.

याचं सगळं खापर मालिकेवर फोडणं चुकीचं ठरेल. पिलचर्ड माशांवर जगणारा इथला धंदा मालिकेच्या कितीतरी आधीच आटला होता. जवळच्या डेलाबोलच्या खाणीतली पाटीची फरशी पूर्वी या बंदरातून जहाजांवर चढायची. रेल्वे आल्यावर तेही थांबलं. पर्यटक नसते तर गाव कदाचित आणखी रिकामं झालं असतं. आज जे मोजके मच्छीमार खेकडे आणि लॉब्स्टर आणतात, त्यांचा माल विकला जातो तोही बराचसा पर्यटकांमुळेच.

अडचण निराळी आहे. वर्षातले काही आठवडे वापरायला घर घेणारा माणूस जी किंमत देऊ शकतो, ती मच्छीमार किंवा नर्स देऊ शकत नाही. बाजाराच्या दृष्टीनं दोघंही फक्त गिऱ्हाईक. गावाच्या दृष्टीनं मात्र एक जण पाहुणा आहे आणि दुसरा रात्री कुणी आजारी पडलं तर धावून येणारा शेजारी. बाजाराला हा फरक दिसत नाही. तो दाखवायला नियम लागतात.

कॉर्नवॉलच्या लोकांनी हे ओळखलं. सेंट आइव्ह्ज या किनाऱ्यावरच्याच शहरात २०१६ मध्ये सार्वमत झालं आणि ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिला, की नवीन बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हा नियम टिकला. एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलमध्ये दुसऱ्या घरावर दुप्पट स्थानिक कर बसतो. यात पळवाटाही आहेत. सेंट आइव्ह्जचा नियम जुन्या घरांना लागू नाही. घर सुट्टीच्या भाड्याचा व्यवसाय म्हणून नोंदवलं की ते स्थानिक करातून सुटून व्यवसाय कराखाली जातं आणि तिथे छोट्या व्यवसायांना सवलत मिळते. म्हणून आता वर्षातून किमान १४० दिवस ते भाड्यासाठी खुलं आणि ७० दिवस प्रत्यक्ष भाड्यानं दिलेलं असावं, अशी अट आहे. आम्ही प्रोग्रामिंग करणारे लोक हे रोज पाहतो. पहिल्या फटक्यात कुठलीच प्रणाली निर्दोष होत नाही, पण दुरुस्ती करायची तर आधी ती सुरू करावी लागते.

हे सगळं मी तुमच्यापुढे मांडतोय, कारण रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम मोहल्ल्यांत कुलूपबंद घरं आपल्याला नवी नाहीत. तिथे मालिका आली नाही, आखात आलं. कुवेत आणि सौदीच्या कमाईतून चिरेबंदी घरं उभी राहिली, आणि ती बांधणारेच मुंबईत नाहीतर परदेशात राहिले. म्हणजे पोर्ट आयझॅकमध्ये जे बाहेरच्यांनी केलं, ते आपल्याकडे बरंचसं आपणच केलं. आता त्यात किनाऱ्यालगतच्या जमिनीचे वाढते भाव, रिसॉर्ट आणि होमस्टे यांची भर पडतेय. हर्णैच्या वाळूवरचा मासळीचा लिलाव पाहायला पर्यटक येतातच. उद्या एखादी मालिका तिथे पोचली तर आपण आनंदानं सेल्फी काढू. पण गावानं काही ठरवायचं असेल तर ते कॅमेरा यायच्या आधी ठरवलेलं बरं.

ठरवायची जागा आपल्याकडे आहे. राज्यात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि तिच्याआधी महिलांची ग्रामसभा होते. होमस्टे किती असावेत, होड्या ओढायची आणि मासे सुकवायची जागा कुणाच्या ताब्यात राहावी, हे प्रश्न तिथे विचारता येतात. मासळी विकणाऱ्या बायकांइतकं त्या जागेचं मोल दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. आपली तरुण मुलं मात्र तिथे फारशी दिसत नाहीत. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती भरपूर बोलतात, पण ग्रुपवरचा ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदला जात नाही.

दुसरी गोष्ट तर आपल्याच हातात आहे. वडिलांनी बांधलेलं घर ईद आणि लग्नकार्यापुरतं उघडत असेल, तर ते गावात बदलून आलेल्या शिक्षकाला, आरोग्यसेविकेला किंवा स्वतःचं छप्पर नसलेल्या मच्छीमार कुटुंबाला बारा महिने राहायला द्या. त्याचा धर्म, जात विचारू नका. शहरात घर शोधताना आडनाव ऐकून नकार मिळाल्यावर काय वाटतं, हे आपल्यातल्या अनेकांनी सोसलंय. भाडेकरू घर बळकावेल ही भीती खोटी नाही. म्हणूनच कायद्यानं लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची केली आहे. ती करा आणि कुलूप काढा.

गाव सुंदर दिसावं म्हणून कुणीही रंग लावून देईल. ते जिवंत राहायचं तर तिथे ऐन पावसाळ्यातही चूल पेटायला हवी, आणि ते काम कुठलीही वाहिनी आपल्यासाठी करणार नाही.