अधोली, शेर व संगणक

खानदेशांत ज्यांच्या माळ्यावर जुनीं धान्यमापें अद्याप पडून असतील, त्या घरच्या मुलांनीं तीं एकदां खालीं काढावीं, अशी आमची विनंती आहे. संगणकाच्या तासास तीं फार उपयोगीं पडतील.

दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली. चिपटें एक धरिल्यास १, २, ४, ८, १६ अशी दोनाच्या घातांची माळ होते. आतां तेरा चिपटीं दादर मोजावयाची आहे. पायली भरत नाहीं, अधोली भरते. म्हणून तेरांत मावणारा दोनाचा मोठ्यांत मोठा घात आठ होय. संगणक तेरा हा आंकडा ११०१ असा मांडितो. म्हणजे एक अधोली, एक शेर, मापटें नाहीं, एक चिपटें. अगदीं डावीकडील एक ठेवून बाकीचे पुसले कीं १०००, अर्थात् आठ, उरतात. स्मृतीचे दुपटीदुपटीचे तुकडे पाडून देतांना या कृतीची नित्य गरज लागते.

बत्तीस स्थानांच्या ऋणचिन्हरहित संख्येसाठीं याची एक सुरेख युक्ति आहे. संख्या क्रमानें १, २, ४, ८ व १६ स्थानें उजवीकडे सरकवून दर वेळीं स्वतःवरच ठेवावयाची. म्हणजे पहिल्या एकाखालचीं सर्व स्थानें एकांनीं भरतात. मग निम्मा भाग वजा करावा. ११०१ चे ११११ होतात. त्यांतून १११ गेले कीं १००० राहतात.

जळगांव-धुळ्याकडे या पांच ओळी धडाधड म्हणणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत, परंतु "टोपली रिकामी असेल तर?" असें विचारतांच ते स्तब्ध होतात. लहानांत लहान माप एक. शून्यांत तेंहि भरत नाहीं. युक्ति शून्य हेंच उत्तर देते, व सी प्लस प्लस भाषेच्या २०२० च्या प्रमाणांतहि तोच संकेत ठरला आहे. तथापि शून्य हा दोनाचा घात नव्हे, हें विसरून पुढें त्यानें भागावयास गेलें कीं फजिती ठरलेली. दुसरे कित्येक लघुगणकाच्या आडवाटेनें जातात. एकेरी अचूकतेच्या अपूर्णांक-रूपांत २४ द्विमान स्थानेंच राहत असल्यामुळें ४२९४९६७२९५ ही संख्या तेथें ४२९४९६७२९६ होऊन बसते, आणि माप धान्याहून मोठें ठरतें!

पाठांतरास आमचा विरोध नाहीं. परंतु आधीं माप हातीं द्यावें, रिकामी व तुडुंब अशा दोन्ही टोपल्या मोजून घ्याव्या, आणि मगच युक्ति सांगावी. खऱ्या मापाचा आग्रह शास्त्रांनीं बाजारापुरताच धरिलेला नाहीं. तो वर्गासहि लागू आहे.