कायम वास्तव्याचा आनंद, पगाराला मात्र कात्री

संगमनेर, लोणी किंवा विळद घाटातील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन सिंगापूरला गेलेल्या तरुणाला तेथे कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच 'पीआर' मिळाला, की अहिल्यानगरच्या घरी पेढे वाटले जातात. मात्र त्यानंतरच्या पगारपत्रकात एक नवी कपात दिसू लागते आणि दोन वर्षांत ती चौपट होते. घरी येणाऱ्या पैशांवर आई-वडिलांचा औषधपाण्याचा खर्च अवलंबून असेल, तर या कपातीची झळ थेट जिल्ह्यापर्यंत पोहोचते.

ही कपात सिंगापूरच्या 'सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड' अर्थात सीपीएफची आहे. ब्रिटिश अमदानीत, १९५५ मध्ये हा निधी सुरू झाला. नोकरीच्या परवान्यावर असलेल्या परदेशी कर्मचाऱ्याला तो लागू होत नाही. परवाना बदलून 'पीआर' होताच मात्र वर्गणी सक्तीची ठरते. ५५ वर्षांपर्यंतच्या कर्मचाऱ्याच्या पगारातून पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून २० टक्के रक्कम कापली जाते. मालकाचा वाटा अनुक्रमे ४, ९ आणि १७ टक्के असतो. वर्गणीसाठी धरल्या जाणाऱ्या मासिक पगाराची मर्यादा २०२३ पर्यंत ६ हजार सिंगापूर डॉलर होती. ती टप्प्याटप्प्याने वाढवून जानेवारी २०२६ पासून ८ हजार डॉलर करण्यात आली.

उदाहरणादाखल ६ हजार डॉलर पगार धरल्यास पहिल्या वर्षी दरमहा ३०० डॉलर कापले जातात. दुसऱ्या वर्षी ही कपात ९०० आणि तिसऱ्या वर्षी १,२०० डॉलरवर जाते. म्हणजे पगारवाढ झाली नाही, तर हाती ४,८०० डॉलरच उरतात. दुसरीकडे, मालकाच्या वाट्यासह खात्यात दरमहा २,२२० डॉलर जमा होऊ लागतात. तेव्हा हे नुकसान नसून सक्तीची बचत आहे. प्रश्न आहे तो ही बचत हाती केव्हा येणार, याचा.

सीपीएफची रक्कम घर, निवृत्ती आणि आजारपण अशा तीन खात्यांत विभागली जाते. पहिल्या खात्यावर किमान अडीच टक्के व्याज मिळते. उर्वरित दोन खात्यांवर २०२५ मध्ये ४ टक्के व्याज होते. आपल्याकडील कर्मचारी भविष्य निर्वाह निधीने २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज दिले. केवळ व्याजदर पाहिले, तर भारतीय निधी सरस वाटतो. परंतु मालकाचा १७ टक्के वाटा आणि चलनाचे मूल्य विचारात घेतल्यास तुलना इतकी सोपी राहत नाही.

खरी अडचण दोन देशांतील नोकरीचा काळ एकत्र धरण्याची आहे. भारताने २००६ मध्ये बेल्जियमबरोबर सामाजिक सुरक्षा करार केला आणि त्यानंतर इतर अनेक देशांशी असे करार झाले. सिंगापूरशी मात्र झालेला नाही. भारतातील १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेनुसार पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. चाकण किंवा नागापूर औद्योगिक वसाहतीत सहा वर्षे काढून सिंगापूर गाठणाऱ्याची तेथील वर्षे यात मोजली जात नाहीत.

याच योजनेचे किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा एक हजार रुपये ठरले. सहकारी साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात अशा तुटपुंज्या पेन्शनवर दिवस काढणाऱ्या निवृत्त कामगारांची घरे नवी नाहीत. त्यांच्यासाठी मुलाने पाठवलेली रक्कम हीच खरी पेन्शन असते. सिंगापूरचा कायदा मुलाचे म्हातारपण सुरक्षित करतो. त्याच काळात वडिलांच्या म्हातारपणाला मिळणारा हात आखडू शकतो.

'पीआर' सोडून सिंगापूरमधून कायमचे परतणाऱ्याला सीपीएफची पूर्ण रक्कम काढता येते. त्यासाठी ५५ वर्षांपर्यंत थांबावे लागत नाही. परंतु आई-वडिलांबरोबर 'पीआर' मिळालेल्या मुलाला तेथे दोन वर्षांची सक्तीची लष्करी वा तत्सम सेवा करावी लागते. ती न करता 'पीआर' सोडल्यास पुढे तेथे शिक्षण वा नोकरीसाठी परवाना मिळण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो. म्हणजेच परतीचा निर्णय केवळ पैशांचा राहत नाही.

म्हणूनच 'पीआर'साठी अर्ज करण्यापूर्वीच तिसऱ्या वर्षी हाती येणाऱ्या पगाराचा हिशेब मांडणे शहाणपणाचे ठरते. घराचे हप्ते आणि गावाकडे पाठवायची रक्कम पहिल्या वर्षाच्या पगारावर ठरवणारे कुटुंब तिसऱ्या वर्षी अडचणीत येते. हा हिशेब अहिल्यानगरच्या घरीही ठाऊक असायला हवा. अन्यथा पैसे का कमी झाले, याचे उत्तर आई-वडील मुलाच्या मायेत शोधू लागतात.