बिनगाड्यांचा रस्ता

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका मित्राशी फोनवर चांगला पाऊण तास वाद झाला. विषय जुनाच. सायकलवाल्यांना फारसे विषय नसतात (सायकल आणि गुडघे, संपलं). मी म्हणत होतो की घरच्या वयस्कर माणसाला सोबत घेऊन दिवसभर निवांत सायकल चालवावी असा रस्ता पुण्याच्या आसपास राहिलेला नाही. तो म्हणाला, "काहीतरीच काय! पहाटे साडेचारला नीघ, पौडपर्यंत रस्ता मोकळा मिळेल. साडेसातला घरी, पोहे, आंघोळ, झालं!"

त्याचं म्हणणं खोटं नाही. पुण्यात होतो तेव्हा मीही हेच करायचो आणि सोमवारी हापिसात डोळे चोळत त्याच्या बढाया मारायचो. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे बिनगाड्यांचा रस्ता ही जागा नाहीच, ती एक वेळ आहे. साडेचार ते सात. अंधारात सापडते, उजाडलं की हरवते. त्या वेळेत जो बसत नाही त्याच्यासाठी रस्ता नाही.

असा एक न बसणारा माणूस आमच्याच घरात आहे. बाबा.

बाबा खडकीहून पिंपरीला कारखान्यात अकरा वर्षं सायकलने गेले. पुढे स्कूटर आली तरी रविवारची सायकल सुटली नव्हती. २००६ साली पौड रस्त्यावर मागून एका टेम्पोने धक्का दिला. मनगट मोडलं, आत पट्टी बसली. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता चालवायला काही हरकत नाही. बाबांनी सायकल पार्किंगमध्ये भिंतीला टेकवली, ती टेकवलीच. दोन्ही टायर बसले, साखळी गंजली, पण भंगारवाल्याला देऊ देईनात. अंधारात निघायला त्यांना नीट दिसत नाही, आणि उजेडात निघायची भीती वाटते. भीती हा शब्द ते वापरत नाहीत. "आता कंटाळा येतो रे," म्हणतात.

२०१८ च्या सप्टेंबरात ते माझ्याकडे म्युनिकला आले होते, वय ६६. एका विकांताला मी त्यांना तळ्यात बुडालेलं चर्च दाखवतो म्हणून घेऊन गेलो. थाप नव्हती, पण पूर्ण सत्यही नव्हतं.

आम्ही गेलो ते विन्शगाऊच्या खोऱ्यात. इटलीचा अगदी वरचा, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडला टेकलेला कोपरा, दक्षिण टिरोल. लोक बहुतेक जर्मन बोलणारे. आडिजे नदी रेशनच्या खिंडीजवळ उगम पावते आणि हे लांबलचक खोरं उतरत मेरान गावाकडे जाते. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये सपाट तळ, आणि त्या तळावर जिकडे पाहाल तिकडे सफरचंदाच्या बागा. लांडेकपर्यंत आगगाडी आणि पुढे खिंड ओलांडणारी बस, असे आम्ही गेलो. खिंडीपलीकडे बसच्या खिडकीतून ते चर्च दिसतं, म्हणजे पाण्यातून वर आलेला नुसता मनोरा. विजेसाठी धरण बांधलं आणि १९५० मध्ये ग्राउन गाव पाण्याखाली गेलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आपलं मुळशीच की." त्यांच्या आजोळची जमीन मुळशीच्या पाण्याखाली आहे. १९२१ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाच्या गोष्टी त्यांनी लहानपणी आईकडून ऐकलेल्या. असो, तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे.

माल्स गावात स्टेशनवर सायकली भाड्याने मिळत होत्या. इथे घ्यायची आणि खाली दुसऱ्या एखाद्या स्टेशनवर परत करायची. बाबांनी आधी "तू चालव, मी बसतो इथे" वगैरे केलं. मग दुकानातल्या मुलाने त्यांच्या उंचीला सीट लावून दिली, आणि त्या मुलासमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून बसले.

माल्स सुमारे १००० मीटरवर, मेरान तीनशेच्या थोडं वर. मधलं अंतर साधारण ६० किलोमीटर, आणि बहुतेक सगळा उतार. माझ्यातल्या रेसिंग सायकलवाल्याने असल्या रस्त्यांना आजवर नाकं मुरडली होती. घाम नाही, चढ नाही, पुढे एखादं कुटुंब पोराला ओढगाडीत घालून चाललेलं, याला काय सायकलिंग म्हणायचं! (ज्यांना अजून तसंच वाटतं त्यांनी शेजारच्या डोंगरात जावं. तिथली सोय पुढे सांगतो.)

पहिले दोन किलोमीटर बाबा डाव्या बाजूने चालले होते. सवय! उजवीकडे या म्हणून ओरडून माझा घसा बसला. त्याहून मोठी सवय मात्र मागे बघायची होती. दर शंभर पावलांवर मान वळवून मागे. मागे मी असायचो. माझ्यामागे कुणी नाही. तरी मान वळायचीच. ग्लुर्न्स आलं, तटबंदीतलं इवलंसं गाव, एका वेशीतून शिरून दुसरीतून बाहेर पडलो. प्राड गेलं. मान वळतच होती. "अरे, मागून काही येत नाहीये," असं ते मला दोनदा सांगून गेले, तक्रार केल्यासारखं.

लास हे संगमरवराचं गाव. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कबरींवरचे हजारो क्रूस इथल्या दगडाचे आहेत. तिथे एका बाकावर आम्ही घरच्या पोळ्या खाल्ल्या. लासच्या पुढे कधीतरी बाबांची मान वळायची थांबली. मला लगेच कळलंही नाही. कळलं ते ट्रॅक्टरमुळे. सफरचंदाची तोडणी चालू होती, आणि मोठाले खोके लादलेला एक ट्रॅक्टर आमच्या मागे आला. वाट त्याचीच, आम्ही पाहुणे. पण त्याने हॉर्न दिला नाही, रेटाही नाही. चांगली दोन-तीन मिनिटं आमच्या वेगाने मागून येत राहिला आणि रुंद जागा आल्यावर बाजूने गेला. बाबा दचकले, मग हात वर करून त्याला सलाम केला. इतका वेळ ट्रॅक्टर मागे होता आणि त्यांनी पाहिलं नव्हतं!

बाबांना कुठल्याही रस्त्यावर इतकं बेसावध बारा वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. हा रस्ता बांधला म्हणजे नेमकं काय केलं? मला आधी वाटायचं की युरोपात पैसा आहे, ओतला असेल. पैसा आहेच, दक्षिण टिरोल हा स्वायत्त आणि श्रीमंत प्रांत आहे. पण चालवताना खाली बघत गेलात तर दिसतं की बरीचशी वाट बागांमधला शेतरस्ता आहे आणि काही ठिकाणी नदीचा बांध. शेतकऱ्याला ट्रॅक्टर न्यायला तो रस्ता लागणारच होता. पाट्या लावल्या, तुटलेले तुकडे जोडले, आणि मुख्य म्हणजे इतर मोटारींना मनाई केली. पलीकडे खोऱ्याचा मोठा रस्ता आहेच, ट्रक आणि मोटरसायकलींनी भरलेला. त्या रस्त्याच्या कडेला लाल रंगाचा पट्टा मारत बसले असते तर बाबा माल्सच्या स्टेशनातून बाहेर पडले नसते.

(सगळं गोडगोड नाही हं. बागांमध्ये औषध फवारतात आणि वाट त्यातूनच जाते. माल्सच्या लोकांनी २०१४ मध्ये सार्वमत घेऊन फवारणीच्या विषांविरुद्ध मोठा कौल दिला होता.)

दुसरी गोष्ट आगगाडी. खोऱ्यातली ही लाइन १९०६ ची. तोट्याची म्हणून १९९० मध्ये बंद केली. युरोपात अशा बंद लाइनींचे रूळ उपटून सायकलची वाट करायची चांगली परंपरा आहे. इथून फार दूर नाही, डोलोमाइटमधल्या टोब्लाख-कोर्तिना लाइनीचं तेच झालं, ती १९६४ मध्ये बंद पडली होती. विन्शगाऊमध्ये मात्र प्रांताने लाइन दुरुस्त करून २००५ मध्ये गाडी परत सुरू केली. माझ्या मते सायकलच्या वाटेसाठी त्याहून मोठं काम दुसरं नाही. कारण दमलेल्या माणसाला दर थोड्या अंतरावर स्टेशन आहे. बाबा नाटुर्न्सला दमले. पुढे ट्योलच्या खाली वाट वळणं घेत चांगलीच खाली घसरते, ते त्यांच्या मनगटाला झेपलं नसतं. सायकली स्टेशनवर दिल्या, तिकीट काढलं, बसलो. आगगाडी नसती तर "जमेल ना, जमेल ना" याच्या काळजीत आम्ही निघालोच नसतो.

आता रेसवाल्यांची सोय. प्राडहून स्टेल्वियोचा घाट सुरू होतो. ४८ वळणं, माथा २७५७ मीटरवर. तिथे दरीला तळच नाही, दुसरा रस्ता काढणार कुठे? म्हणून वर्षातून एक दिवस, उन्हाळा सरताना, तो घाट काही तास मोटारींना बंद करतात. मी एकदा गेलोय. हजारो सायकली, मजा येते, पण ती जत्रा आहे. मित्राचं साडेचार आणि हा एक दिवस, दोन्ही एकाच जातीचे. गाड्यांनी आपली उसनी दिलेली वेळ. जवान माणसाला ती पुरते.

मित्राला फोनवर मी हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "तिकडचं तिकडे. इथे कुठे सफरचंदाच्या बागा?" बागा नाहीत, भातखाचरं आहेत. पौडहून कोळवणच्या खोऱ्यात शिरा, हाडशीवरून तिकोन्याच्या पायथ्याशी, तिथून पवनानगर आणि कामशेत. कामशेतला पुणे-लोणावळा लोकल. म्हणजे खोरंही आहे, शेवटी आगगाडीही आहे. (गर्दीच्या लोकलमध्ये सायकल घेऊन उभं राहायचं धाडस मला अजून झालेलं नाही, ही गोष्ट वेगळी.) गावागावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा आणि पाणंदी आहेत. त्यातल्या काही सलग जोडल्या, तिथे फक्त गावातल्या लोकांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर येतील असं केलं, तर फार डांबर लागणार नाही.

लागेल ती हिंमत. आडवा दांडा टाकला की कुणाची तरी गाडी अडते. कुणाची? गावकऱ्यांची नाही, त्यांना मुभा आहेच. अडणार ती शनिवार-रविवारी फार्महाउसवर, धरणावर, धबधब्यावर जाणाऱ्यांची. म्हणजे माझ्या मित्राची. सुट्टीवर आलो की माझीही. गेल्या खेपेला मीच सगळ्यांना गाडीत घालून पवनेला गेलो होतो, आणि एका सायकलवाल्याला कडेच्या मातीत उतरवून पुढे गेलो होतो. त्याने मागे वळून पाहिलं होतं. मित्राने यावर विषय बदलून नव्या टायरांच्या किमती काढल्या.

डिसेंबरात पुण्याला जातोय. कोळवणचा रस्ता एकदा दिवसाउजेडी सायकलने करून बघायचा बेत आहे. बाबांना फोनवर विचारलं, येता का? आता ते ७४ चे होतील. तुमची ती भिंतीची सायकल दुरुस्त करून ठेवतो, म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू चालव. मी आपली गाडी काढतो आणि तुझ्या मागून हळूहळू येतो. म्हणजे मागून कुणी धडकायला नको."