रिमोट घेण्याआधी कॅमेऱ्याची कूस बघा

कॅमेऱ्यासाठी वायरलेस रिमोट घ्यायचं मनात असेल तर आधी मोबाइलवर किमती बघत बसू नका. कपाटातला कॅमेरा बाहेर काढा आणि त्याच्या कुशीवरची रबरी झाकणं नखाने हळूच उघडा. आत एखादं बारीक गोल भोक असेल, चपटी खाच असेल किंवा पिनांची गोल खोबण असेल. ती नीट बघून मोबाइलवर तिचा फोटो घेऊन ठेवा. मग कॅमेरा समोर धरा आणि मुठीच्या बाजूला, बोटं टेकतात त्या जागी, काळपट-तांबूस काचेचा छोटा ठिपका दिसतो का ते पाहा. मॉडेलचं नाव पुढच्या अंगावर छापलेलं असतं. ते अक्षरं आणि आकड्यांसकट कागदावर उतरवा. तळाच्या पट्टीवरचे नंबर कारखान्याचे असतात, त्यांचा इथे उपयोग नाही.

एवढं करायला सांगतो कारण एकाच कंपनीचे दोन कॅमेरे दिसायला जुळे असले तरी त्यातला एक रिमोटला ओ देतो आणि दुसरा ढिम्म राहतो. कॅननचा ७००डी आरसी-६ हा छोटा रिमोट ओळखतो, पण १३००डी ओळखत नाही. त्याच्या खोबणीत आरएस-६०ई३ ही वायरवाली कळ बसते. निकॉनचा डी५३०० एमएल-एल३ या रिमोटवर चालतो. त्याच्यानंतर आलेल्या डी३५००ला मात्र रिमोटचा डोळाही दिलेला नाही आणि वायर खोचायला जागाही नाही, त्याला मोबाइलवरचं स्नॅपब्रिज ॲप हाच रस्ता. ‘निकॉनसाठी’ असं पाकिटावर लिहिलेलं वाचून डी३५००साठी इन्फ्रारेड रिमोट मागवणाऱ्याचे पैसे गेलेच. आणि तो रिमोट परत पाठवायचा कंटाळा केला की खणात आणखी एका प्लास्टिकच्या तुकड्याची भर.

बोरीवलीत आयसी कॉलनीपासून कुलुपवाडीपर्यंत अशी पुष्कळ घरं आहेत जिथे दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डीएसएलआर मोबाइल चांगले झाल्यावर कपाटात गेला. या कॅमेऱ्यांना पुन्हा बाहेर काढायला एक साधा रिमोट पुरेसा होतो, असं माझं मत आहे. पण तो योग्य असला पाहिजे.

त्याआधी एक सांगतो, दुकानदार ते सांगणार नाही. फोटो हलू नये एवढ्यासाठीच रिमोट हवा असेल तर तो घेऊ नका. कॅमेऱ्यात दोन सेकंदांचा टायमर असतो. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, टायमर लावा, बटण दाबा आणि हात काढून घ्या. दोन सेकंदांत थरथर शमते. लेन्सवरचा स्थिरतेचा खटका ट्रायपॉडवर असताना बंद ठेवा. बिनहालत्या वस्तूला, देवघराला, रांगोळीला, इमारतीला एवढं पुरतं आणि एक रुपयाही लागत नाही. कॅमेऱ्यात वायफाय किंवा ब्लूटूथ असेल तर कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, सोनीचं क्रिएटर्स ॲप ही ॲप फुकट मिळतात. मोबाइल आणि कॅमेरा एकमेकांशी थेट बोलतात, त्यामुळे जंगलात मोबाइलला रेंज नसली तरी ती चालतात. ती आधी वापरून पाहा. जोडणी मध्येच तुटते, कॅमेऱ्याची बॅटरी भराभर उतरते आणि फोटोत हातात मोबाइल दिसतो, हे तीन त्रास तुम्हाला जाचले तर मग रिमोटकडे वळा.

बाजारात रिमोट तीन जातींचे. सगळ्यात स्वस्त इन्फ्रारेडचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचंच तंत्र. त्याचा न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यावरच्या त्या तांबूस ठिपक्यावर पडावा लागतो. ठिपका बहुधा पुढे असतो, म्हणून कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून दाबलंत तर काहीच होत नाही, हात वळसा घालून पुढे न्यावा लागतो. काही निकॉन मॉडेलांना मागेही डोळा असतो. पल्ला साधारण पाच मीटर. आपल्या बोरीवलीतल्या फ्लॅटचा हॉल त्याहून लांब क्वचितच असतो, म्हणजे घरातल्या कामाला हा रिमोट भरपूर झाला. सोसायटीच्या गच्चीवर भर दुपारी मात्र तो दगा देतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि रिमोटचा क्षीण ठिणगीएवढा प्रकाश त्यात बुडून जातो. कॅमेऱ्यावर हाताची सावली धरली की पुष्कळदा काम होतं.

हा रिमोट दुकानातच तपासता येतो. मोबाइलचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्याने हे करू नका, त्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते आणि चांगला रिमोटही मेलेला वाटतो.

दुसरी जात ब्लूटूथची. कॅननचा बीआर-ई१, निकॉनचा एमएल-एल७, सोनीचा आरएमटी-पी१बीटी हे यातले. एकदा जोडले की तोंड कुठेही असो, चालतात, ऊन-सावलीचा प्रश्न नाही. पण हे कंपनीच्या ठरावीक, नव्या मॉडेलांनाच लागू. कॅननच्या २००डी मार्क २ला बीआर-ई१ चालतो, जुन्या ७००डीला तो कधीच चालणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तुमचं मॉडेल नावानिशी असेल तरच पैसे टाका. ‘चालायला पाहिजे’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

तिसरी जात रेडिओची, आणि जरा जास्त वापर असणाऱ्याला मी हीच घ्यायला सांगेन. यात दोन तुकडे असतात. एक तुमच्या हातात, दुसरा कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅश बसतो त्या खाचेत. डोक्यावरच्या तुकड्यातून एक आखूड वायर कॅमेऱ्याच्या कुशीत जाते. म्हणून तर सुरुवातीला ते झाकण उघडायला सांगितलं. भिंतीआडून, झाडाआडून, उन्हात, कुठूनही हा चालतो. बटण अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो, ही सोय इन्फ्रारेडमध्ये नसते. घेताना एक गोष्ट आवर्जून बघा, वायर सुटी होणारी हवी. उद्या कॅमेरा बदललात तर फक्त नवी वायर घ्यायची, रिमोट तोच. वायर कायमची चिकटवलेली असेल तर कॅमेऱ्याबरोबर रिमोटही गेला. चॅनेल बदलायची सोय आहे ना, तेही बघा, नाहीतर त्याच जातीचा रिमोट असलेला शेजारचा माणूस तुमच्या कॅमेऱ्यात फोटो काढेल. पाकिटावर शंभर मीटरचा पल्ला लिहिलेला असतो तो मोकळ्या मैदानातला. मध्ये भिंती आल्या की तो घटतो.

शक्य असेल तर सरळ चर्चगेटची फास्ट गाडी पकडा आणि फोर्टात, बोरा बाजाराच्या बाजूच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत जा. कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड बरोबर न्या. काउंटरवरच रिमोट लावून पाच-दहा फोटो काढा. साध्या इन्फ्रारेड रिमोटला काहीशे रुपये पडतात, रेडिओचा त्याच्या काही पट. दोन्हींपैकी कुठलाही हाताने लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता वापराचं बोलू. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते घरातल्या फोटोबद्दल. प्रत्येक कुटुंबात एक काका किंवा मावशी असते जी सगळ्यांचे फोटो काढते आणि स्वतः कुठेच नसते. वीस वर्षांचे गणपती, मुंजी, बारशी, सगळ्या अल्बममध्ये तो माणूस गैरहजर. दहा सेकंदांचा टायमर लावून धावत येऊन बसलं की धाप लागलेली असते आणि तेवढ्यात कुणाचे तरी डोळे मिटतात. रिमोट असला की तो माणूस आरतीच्या घोळक्यात नीट उभा राहतो आणि एकामागून एक सहा-सात फोटो घेतो.

हे करताना आधी कुणाला तरी जागेवर उभं करून फोकस घ्या आणि मग लेन्सवरचा खटका मॅन्युअलवर सरकवा, नाहीतर मंद उजेडात कॅमेरा दर वेळी फोकस शोधत बसेल आणि क्लिक करणारच नाही. कॅननमध्ये ड्राइव्हच्या मेनूतून रिमोटचं चिन्ह निवडावं लागतं. आरसी-६वर दोन सेकंद उशिराचा खटका आहे, तो लावा म्हणजे रिमोटचा हात खाली घ्यायला वेळ मिळतो. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत एमएल-एल३ची वाट कॅमेरा मुळात एकच मिनिट बघतो. आजीला खुर्ची आणेपर्यंत ते मिनिट संपतं आणि रिमोट बिघडला असं वाटतं. मेनूत जाऊन ती मुदत पाच किंवा पंधरा मिनिटं करा. डीएसएलआरच्या मागे डोळा लावायची खिडकीही झाका, कारण तिथून शिरलेल्या उजेडाने फोटो काळा पडू शकतो. कॅननच्या पट्ट्यावर एक रबरी तुकडा ओवलेला असतो, तो याचसाठी.

ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठीही रिमोट घ्याच. सकाळी बोरीवलीच्या नॅशनल पार्कात फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींमध्ये कितीतरी जणांना फोटोग्राफीची आवड असते आणि हात थरथरतो म्हणून त्यांनी ती सोडलेली असते. हलका ट्रायपॉड आणि मोठ्या बटणाचा रिमोट मिळाला तर ती आवड परत येते. वडिलांना वाढदिवसाला काय द्यावं सुचत नसेल तर हे द्या, आणि पहिल्यांदा लावून दाखवायला त्यांच्याजवळ बसा.

पावसाळ्यात विजा टिपायच्या असतील तर गॅलरीच्या दाराआत ट्रायपॉड लावा, शटर दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवा आणि रिमोटने एकामागून एक फोटो घेत राहा. स्वतः घरातच थांबा, गच्चीवर जाऊ नका.

नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या लेण्यांत तर हा रिमोट सोन्यासारखा. बसाल्टात कोरलेली शंभरहून जास्त लेणी, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात आत शिरलं की उजेड एकदम घटतो. तिथे फ्लॅश मारला तर खांबांवरच्या कोरीव कामाची खोली सपाट होते. आयएसओ १००, छिद्र एफ ८, शटर दोन-चार सेकंद, असा संथ फोटो घेतला की दगडाचा खरा रंग उतरतो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर तिथल्या रखवालदाराला विचारून एक करता येतं. कापडी पिशवीत पाव किलो तांदूळ भरून न्या, ती जमिनीवर ठेवा, तिच्यात कॅमेरा रुतवा आणि रिमोटने क्लिक करा. कॅमेरा कोरीव कामावर, स्तूपावर, मूर्तीच्या पायथ्याशी टेकवू नका. सोमवारी उद्यान बंद असतं, त्या दिवशी जाऊ नका.

उद्यानातल्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र हात जोडून विनंती आहे. नयन खानोलकर यांच्या ‘द ॲली कॅट’ या फोटोला २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. आरे कॉलनीत, वारली वस्तीतल्या बोळातून चाललेला बिबट्या. तो पाहून अनेकांना वाटतं की आपणही कॅमेरा झुडपात ठेवावा आणि लांबून रिमोट दाबावा. तो फोटो रिमोटचा नव्हे, कॅमेरा ट्रॅपचा आहे. प्राणी समोरून गेला की कॅमेरा आपोआप क्लिक करतो. खानोलकरांनी आधी वस्तीतल्या लोकांना विश्वासात घेतलं, फ्लॅशचा उजेड बोळातल्या दिव्यांसारखाच वाटेल असा लावला आणि चार महिने वाट पाहिली. वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांनी २०१५मध्ये कॅमेरा ट्रॅप लावूनच या उद्यान परिसरातले ३५ बिबटे मोजले, तेही वनखात्याच्या परवानगीने, अभ्यासासाठी. तुमच्या-माझ्यासारख्याने संध्याकाळी उद्यानात कॅमेरा लपवणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही. तो परत आणायला अंधारात कोण जाणार?

घरट्याचंही तसंच. रिमोट आहे म्हणून कॅमेरा घरट्याजवळ नेऊन ठेवू नका. माणूस दूर असला तरी पिलांपासून हातभर अंतरावर काळी पेटी आणि शटरचा आवाज राहतोच, आणि पक्षीण फिरकत नाही तेवढा वेळ पिलं उपाशी आणि उन्हात राहतात. पाण्याकाठी, पक्षी रोज येऊन बसतो त्या फांदीसमोर, वाटेवरूनच कॅमेरा लावा, मागे सरका आणि पक्षी बिचकतो आहे असं वाटलं की उचला.

रिमोटमधल्या सेलबद्दल सांगायचं राहिलं. आरसी-६मध्ये सीआर२०३२, एमएल-एल३मध्ये सीआर२०२५, दोन्ही चपट्या बटणासारखे. जाडी वेगळी आहे, एकाच्या जागी दुसरा कोंबू नका. वर्षभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, पावसाळ्यात आतल्या पत्र्यांना गंज धरतो. आणि काढलेला सेल टेबलावर, देवघराच्या कट्ट्यावर कधीच सोडू नका. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, मुलाला उचलून थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि सेलचं रिकामं पाकीट मिळालं तर डॉक्टरांना दाखवा.