गर्भपिशवीवरची कमाई बंद करा!

ऊसतोड भगिनींनो, बंधूंनो आणि बीड जिल्ह्यातल्या नागरिकांनो,

टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी हे पत्रक वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आपल्या जिल्ह्याचे आकडे आले. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांत हेच प्रमाण महाराष्ट्रात ३ टक्क्यांच्या आत होतं. वयोगटाचा फरक धरला तरी एवढी तफावत रोगामुळे पडत नाही. ती पडते पैशाच्या हिशेबामुळे. हा हिशेब तीन ठिकाणी मांडला जातो.

फडातला हिशेब

मजुरी टनावर आणि कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल आधीच घेऊन खर्च झालेली. एका दिवसाचा खाडा पडला की मुकादम ५०० रुपये कापतो, कुठे त्याहून जास्त. बाई पहाटे अंधारात फडात, दिवसभर डोक्यावर मोळी, रात्री कोपीत. कोपीला मोरी नाही, संडास नाही, पाळीचं कापड धुवायला-वाळवायला आडोसा नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. पाळीत दोन दिवस पडून राहावं तर खाडा. शेवटी बाईच म्हणते, “ही पिशवीच नको.”

“बायका स्वतःच मागतात,” असं काही डॉक्टर सांगतात. मागतात, हे खरं आहे. पण ज्या मागणीच्या मागे दंड उभा आहे तिला राजीखुशी म्हणायचं का? आणि पेशंटने मागितलं म्हणून निरोगी अवयव कापायचा, हे कुठल्या वैद्यकशास्त्रात बसतं?

दवाखान्यातला हिशेब

बाईला नीट तपासलं, गोळ्या दिल्या, समजावून सांगितलं, पंधरा दिवसांनी परत बोलावलं, तर दवाखान्याला तपासणीची फी मिळते. पिशवी काढली तर हजारो रुपये मिळतात. पेशंट पाठवणाऱ्याचा कट, म्हणजे कमिशन, त्यातूनच निघतो. म्हणून सोनोग्राफीत बारीकशी गाठ दिसली, पिशवीच्या तोंडाला सूज दिसली की वाक्य ठरलेलं: “पिशवी खराब झालीय. नाही काढली तर कॅन्सर होईल.” समोर तिशीतली बाई, दोन-तीन लेकरं झालेली. भीतीने ती हो म्हणते. साध्या संसर्गाला औषधांचा कोर्स पुरतो, हे तिला कुणी सांगत नाही. ऑपरेशनचा पैसा पुन्हा मुकादमाच्या उचलीतून येतो, म्हणजे पुढचा हंगामही गहाण. बीजकोषही काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्याचे त्रास सुरू होतात: अंगाची आग, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. मोळी मात्र उचलावीच लागते.

हे फक्त बीडचं दुखणं नाही, आणि फक्त पिशवीच्या ऑपरेशनचंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत १४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, खासगीत ४७ टक्के. अवघड बाळंतपणं खासगीत जास्त जातात असं मानलं तरी तिपटीहून मोठा फरक त्याने भरून निघत नाही.

प्रामाणिक डॉक्टर आपल्या जिल्ह्यातही आहेत. आजच्या पद्धतीत तोटा त्यांचाच होतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आपल्याकडे आलेल्या कटच्या चेकची उघड तक्रार केली. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने कमिशनला मनाई केली आहे. २०१७ मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. कायदा मात्र झाला नाही.

सरकारचा हिशेब

२०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या जवळपास ८० टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. जिथे स्त्रीरोगतज्ज्ञच नाही, तिथे बाईने दुसरं मत कुणाला विचारायचं? राष्ट्रीय आरोग्य अभियानातले बरेच कर्मचारी वर्षानुवर्षं कंत्राटावर. आणि प्रत्येक बाईला नावाने ओळखणाऱ्या आशाताईच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक: लसीकरणाचे इतके, बाळंतपणाचे इतके. एखादीला सरकारी दवाखान्यात नेऊन नको असलेलं ऑपरेशन टाळलं, तर त्याचा मोबदला त्या यादीत नाही.

२०१९ नंतर बीडमध्ये पिशवी काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांना लागू करायला सांगितली. दोन्ही पावलं स्वागतार्ह आहेत. पण खाडा तसाच, कट तसाच, रिकामी खुर्ची तशीच राहिली, तर परवानगीचा कागद किती दिवस आडवा येणार?

म्हणून आमच्या मागण्या:

१. आजारपण आणि पाळीच्या दिवसांचा खाडा बंद करा. ही अट करारात लिहा आणि तिची जबाबदारी कारखान्यावर टाका.

२. प्रत्येक फडाजवळ पाणी, मोरी, संडास द्या. खर्च कारखान्याने करावा.

३. ऊसतोड तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायमस्वरूपी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि चालू सोनोग्राफी मशीन द्या.

४. आशाताईंना पुरेसं ठराविक मासिक वेतन द्या.

५. कट प्रॅक्टिसविरोधी कायदा करा.

६. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वयाच्या किती महिलांची पिशवी कोणत्या कारणाने काढली, हे दर तीन महिन्यांनी, महिलांची नावं न देता, जाहीर करा.

भगिनींनो, कुणी “पिशवी काढा” म्हटलं तर त्याच दिवशी हो म्हणू नका. रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. औषधाने बरं होईल का, हे विचारा. आशाताईला सोबत घेऊन सरकारी डॉक्टरला दाखवा. मुकादमाशी बोली करताना खाड्याचा विषय सगळ्या कोयत्यांनी मिळून काढा, एकटीने नको. ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा आणि तो तहसीलदारांकडे पोचवा. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, यातल्या किती मागण्या तुम्ही विधानसभेत मांडल्या?

आपली,
ऊसतोड महिलांच्या आरोग्यासाठी उभी राहिलेली नागरिक मंडळी